सरकारी शाळा, बाजार आणि पाठ्यपुस्तक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा बंद होण्याची पत्रं, आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याखालचे) प्रवेश, कंत्राटी शिक्षक, पाठ्यपुस्तकातले बदल, भाषेची सक्ती. या सगळ्यावर पालक, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. शिक्षणाचं बाजारीकरण म्हणजे नेमकं काय? खासगी शाळा तर पहिल्यापासून आहेतच की.

आहेत, आणि त्यांच्याशी भांडण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये उभी केलेली रयत शिक्षण संस्था खासगीच आहे. पुढे अनुदानित शाळांची जी व्यवस्था रुजली तिच्यात शिक्षकाचा पगार सरकार देतं आणि गरिबाच्या मुलाला फी पडत नाही. संस्था कुणाची, यापेक्षा खर्च कोण उचलतं आणि दारात कुणाला अडवलं जातं, हे आम्ही बघतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारने खर्चातून अंग काढून घेण्याचा एकेक मार्ग शोधला. आधी ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणाऱ्या शाळा आल्या. त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण टप्प्याटप्प्याने द्यायच्या अनुदानासाठी शिक्षक त्यानंतरही वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसत आले. २००० मध्ये शिक्षणसेवक आला, म्हणजे पूर्ण शिक्षकाचं काम आणि तीन वर्षं तुटपुंजं मानधन. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि २०१७ च्या अखेरीस त्यात दुरुस्ती करून कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा मिळाली. यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. सगळे ओळीने मांडले की दिसतं, शिक्षण ही सरकारने सगळ्यांना द्यायची गोष्ट होती, ती ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू झाली. नवउदारवाद म्हणतात तो शाळेच्या पातळीवर हाच.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करावेत असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला.

२. मग पाठ्यपुस्तकातल्या धर्म-संस्कृतीच्या वादाचा याच्याशी काय संबंध? हे दोन वेगळे विषय नाहीत का?

वरवर वेगळे दिसतात. एका बाजूला ‘पालक हा ग्राहक आहे, त्याला निवड द्या’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘मुलांवर आपले संस्कार करा’ म्हणणारे. पहिल्यांना परंपरेशी देणंघेणं नसतं आणि दुसऱ्यांना बाजार फारसा आवडत नाही. तरी धोरण ठरताना दोघं एकमेकांच्या सोयीचे ठरतात. शाळा कमी केल्या, शिक्षक कंत्राटी केले, की विषमता वाढते. तिचं कारण शोधायला कुणी मागे वळून पाहू नये यासाठी ‘मुलांमध्ये शिस्त नाही, मूल्यं नाहीत’ हे उत्तर तयार ठेवलेलं असतं. पैशाचा प्रश्न असा संस्कारांच्या खात्यावर टाकला जातो.

जोतीराव फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या. रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणावर जातो ही एक, आणि प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करावं ही दुसरी. पैसा कुणाचा, शिकतो कोण आणि शिकवतो कोण, हे तिन्ही प्रश्न त्यांनी कधी सुटे केले नाहीत. आम्हीही करत नाही.

३. ‘चिकित्सक शिक्षण’ म्हणजे मुलांना राजकारण शिकवणं का?

नाही. मूल ज्या जगात राहतं त्याच जगाबद्दल त्याला प्रश्न विचारता यावेत आणि उत्तर शोधण्याची रीत यावी, एवढंच. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी (१९२१–१९९७) यांनी निरक्षर शेतमजुरांना त्यांच्याच रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून वाचायला शिकवलं. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगवास झाला आणि देश सोडावा लागला. पण उदाहरणासाठी इतकं लांब जायची गरज नाही. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. शाळेने तिच्या हाती लेखणी दिली आणि तिने थेट विचारलं, आमचा धर्म कोणता?

आजच्या वर्गात हे कसं दिसतं? जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाहिलेला पाठ सांगतो. सहावीचं गणित, लांबीची एककं. बाईंनी मुलांना गटागटाने गावात पाठवलं आणि प्रत्येक घरापासून हातपंप किती पावलांवर आहे ते मोजून आणायला सांगितलं. आधी प्रत्येक मुलाचं पाऊल पट्टीने मोजून घेतलं होतं. परत आल्यावर पावलांचे सेंटिमीटर, सेंटिमीटरचे मीटर झाले आणि ते फळ्यावर काढलेल्या गावाच्या नकाशात भरले गेले. वरच्या आळीतले आकडे दोन अंकी, ओढ्यापलीकडच्या वस्तीतले तीन अंकी. बाई काही बोलल्या नाहीत. एका मुलीनेच विचारलं, “पंप तिकडंच का खोदला?” मराठीच्या तासाला त्याच प्रश्नाचा ग्रामसेवकाला अर्ज झाला: प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळं रीतसर. एककं पक्की झाली, अर्जलेखन झालं आणि ग्रामपंचायत म्हणजे काय तेही कळलं. अभ्यासक्रमाबाहेरचं यात काय आहे?

४. वीसपेक्षा कमी पट असेल तर सरकार शाळा बंद करू शकतं का?

पट कमी आहे एवढ्या एका कारणावर नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे प्रत्येक मुलाला घराजवळ शाळा देणं ही सरकारची जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर दिलं आहे. त्या अंतरात शाळा देता येत नसेल तर वाहतूक किंवा निवासाची सोय सरकारने करायची.

तरी प्रयत्न वारंवार होतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचं जाहीर झालं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं पत्र निघालं. पानशेत आणि तोरणमाळचा नमुना पुढे ठेवून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या एकत्रीकरणाचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा अशा शाळांचा आकडा चौदा हजारांच्या वर सांगितला जात होता. त्या प्रत्येक आकड्यामागे एक वाडी, एक पाडा किंवा एक तांडा आहे.

‘बंद’ हा शब्द हल्ली कागदावर फारसा येत नाही. ‘समायोजन’, ‘एकत्रीकरण’, ‘समूह’ असे शब्द येतात. पत्र वाचताना तुमच्या मुलाने जूनमध्ये कुठे जायचं आहे, एवढं शोधा. ते दुसऱ्या गावात असेल तर शाळा बंदच झाली.

५. आमच्या वस्तीवर नऊच मुलं आहेत. मोठ्या शाळेत गेली तर त्यांचं भलं नाही का होणार?

प्रश्न अगदी प्रामाणिक आहे आणि उत्तर सगळीकडे एकच नाही. नऊ मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, हे खरं आहे. मोठी शाळा खरोखर चालत जाण्याच्या अंतरावर असेल, रस्ता बारमाही असेल आणि पालकांनी स्वतः ठरवलं असेल, तर एकत्र येण्यात वाईट काही नाही.

पण डोंगरी भागात १ किलोमीटर म्हणजे सपाटीवरचा १ किलोमीटर नव्हे. मधला ओढा जुलैत किती फुगतो हे मुंबईतल्या नकाशावर दिसत नाही. दरडी, पूर किंवा रस्ता नसणं असा धोका असेल तर अंतराची मर्यादा कमी धरायची तरतूद नियमांत आहे, ती तुमच्या बाजूने वापरा. गाडी येणार असं सांगितलं जातं तेव्हा विचारा: डिझेलचे पैसे कोणत्या खात्यातून, किती वर्षांसाठी? गाडी बंद पडली की पहिल्या मुली घरी बसतात, मग धाकट्यांना सांभाळणारी मोठी भावंडं. शाळा वस्तीवर होती तेव्हा ही मुलं पटावर होती.

६. शाळा बंद करायचं पत्र आलंय. आता नेमकं काय करायचं?

घाई करू नका, पण दिवसही दवडू नका.

पहिली गोष्ट, कोणत्याही कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या ‘संमतीपत्रा’वर सही किंवा अंगठा देऊ नका. बहुतेक ठिकाणी लढाई इथेच हरली जाते. केंद्रप्रमुखाने कागद मागितला म्हणून मुख्याध्यापक घरोघरी फिरतात, पालकांना वाटतं शिष्यवृत्तीचं काहीतरी असेल.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. समिती कागदावरच असेल तर आधी ती नीट करून घ्या. सभेत ठराव घ्या आणि त्यात भावनेपेक्षा माहिती लिहा: मुलांची नावं व इयत्ता, प्रस्तावित शाळेपर्यंतचं चालून मोजलेलं अंतर, वाटेतले ओढे, महामार्ग, जंगल, पावसाळ्यात रस्ता बंद राहतो ते महिने, वस्तीतली तीन ते सहा वयाची मुलं म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा पट. ही शेवटची यादी अंगणवाडीसेविकेकडे असते आणि अनेकदा तीच निर्णायक ठरते. कमी पट यंदाचा असतो, पुढचा नाही.

त्यानंतर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जवळचा दिवस धरा, नाहीतर विशेष ग्रामसभा मागा. गाव पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) क्षेत्रात असेल तर ग्रामसभेच्या ठरावाला आणखी वजन आहे. दोन्ही ठरावांच्या प्रती गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, ते नाही आलं तर पहिलं अपील. मागायचं ते हे: बंद करण्याच्या प्रस्तावाची प्रत, अंतराचं सर्वेक्षण कुणी आणि कोणत्या तारखेला केलं, वाहतुकीची तरतूद, शाळेची संचमान्यता (मंजूर शिक्षकपदांचा हिशेब). सर्वेक्षण झालेलंच नाही असं लेखी उत्तर येतं तेव्हा तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा असतो.

कोर्टाचा विचार यानंतर. कागद तयार असतील तर वकिलाचं काम निम्मं होतं.

७. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांचा नियम सरकारने बदलला होता ना? आता काय स्थिती आहे?

तो बदल रद्द झाला आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने असं ठरवलं होतं की खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागा गरीब-वंचित मुलांना मोफत द्यायची गरज नाही. शहरात अशी जागा सापडणं कठीण जिथे १ किलोमीटरमध्ये पालिकेची शाळा नाही. म्हणजे शहरांपुरता हक्कच संपत होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कलम १२ मधला हक्क संसदेने दिलेला आहे, राज्याच्या नियमाने तो काढता येत नाही.

हे पालकांनी आणि संघटनांनी याचिका करून मिळवलं. मधल्या काळात प्रवेशाचं वेळापत्रक पुरतं कोलमडलं होतं आणि कित्येक कुटुंबांनी वाट पाहून नाइलाजाने फी भरली.

८. तुम्ही सरकारी शाळा वाचवा म्हणता आणि खासगी शाळेतल्या २५ टक्क्यांसाठीही भांडता. हे परस्परविरोधी नाही का?

हा आम्हाला येणारा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि चळवळीतही यावर एकमत नाही. अनिल सदगोपाल यांच्यासारखे समान शाळा व्यवस्थेचे पुरस्कर्ते पहिल्यापासून सांगत आले आहेत की २५ टक्क्यांची तरतूद म्हणजे सरकारी पैसा खासगी शाळेकडे वळवणं आणि चळवळ्या पालकांना सरकारी शाळेतून बाहेर काढणं. राज्य प्रति विद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देतं, आणि तीही थकते. युक्तिवादात दम आहे.

तरीही २०२४ चा बदल आम्ही वाईटच मानतो. ‘शेजारी सरकारी शाळा आहे, तिथे जा’ हे वाक्य ऐकायला सरकारी शाळेच्या बाजूचं वाटतं. पण त्याच सरकारने त्या शेजारच्या शाळेत एक शिक्षक, एक वर्गखोली किंवा एक रुपया वाढवलेला नव्हता. फायदा झाला असता तो फक्त ज्यांना गरिबाचं मूल आपल्या वर्गात नको होतं त्यांचा. समान शाळा व्यवस्था आणायची असेल तर सगळ्यांची मुलं शेजारच्या शाळेत यायला हवीत, आमदाराची, कलेक्टरची आणि डॉक्टरची धरून. फक्त गरिबांना तिकडे ढकलण्याला समान शाळा म्हणत नाहीत.

९. अल्पसंख्याक शाळांना २५ टक्के लागू आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित. प्रवेश अर्ज करण्यापूर्वी शाळेला तो दर्जा खरोखर आहे का, हे शिक्षण विभागाकडून तपासून घ्या. शाळेच्या शब्दावर जाऊ नका.

१०. एका कंपनीने आमच्या शाळेला रंग दिला, टॅब दिले. यात वाईट काय?

देणगीत काहीच वाईट नाही. गावोगावच्या शाळांच्या भिंती लोकवर्गणीतूनच उभ्या राहिल्या आहेत. फरक अटीत असतो. सप्टेंबर २०२३ च्या शाळा दत्तक योजनेत देणगीदाराने ठरावीक रकमेच्या वस्तू-सेवा पाच किंवा दहा वर्षांसाठी दिल्या तर त्याच्या पसंतीचं नाव शाळेच्या नावाला जोडायची सोय होती. करातून चालणारी शाळा, जमीन गावची, आणि पाटी दुसऱ्याची.

टॅबबद्दल सभेत तीन गोष्टी विचारा. मुलांची माहिती कुठे साठते? दुरुस्ती कोण करणार? आणि टॅब आल्यावर शिक्षकाचं रिकामं पद भरायची मागणी कुणी विसरणार तर नाही ना? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. टॅब आलेले आणि गणिताला शिक्षक नसलेले वर्ग आम्ही पाहिले आहेत.

११. कंत्राटी शिक्षकाने शिकवलं तर मुलाला काय फरक पडतो?

मुलाला ओळखणारा माणूस दरवर्षी बदलतो, हा पहिला फरक. मार्चपर्यंत त्याला कळलेलं असतं की कोण घाबरून गप्प बसतं आणि कोण उपाशी येतं, आणि जूनला नवा माणूस येतो.

दुसरा फरक बोलण्याचा आहे. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते तो शौचालयाबद्दल तक्रार करत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. बेरोजगार तरुण आणि शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण दार पूर्ण बंद झालं नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी छोट्या शाळांमधली नियमित पदं धोक्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अगदी कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं धोरण आलं. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. ठरावात (प्रश्न ६) त्याचा उल्लेख करायला विसरू नका.

१२. शाळेत गीता, मनाचे श्लोक म्हणायला लावतात. आक्षेप घेता येतो का? घेतला तर ‘धर्मद्रोही’ म्हणतील.

घेता येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. मराठीचं पाठ्यपुस्तक म्हणून ज्ञानेश्वरांची किंवा तुकोबांची रचना शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे. ते साहित्य आहे, त्याच्यावर प्रश्न विचारता येतो, परीक्षेत मत लिहिता येतं. हात जोडून रोज पठण करायला लावलं की ते शिक्षण राहत नाही.

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाला मनुस्मृतीतला श्लोक जोडलेला निघाला. श्लोक वडीलधाऱ्यांना वंदन करण्याचा, वरवर निरुपद्रवी. पण ज्या राज्यात २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचं दहन झालं, तिथल्या शाळेत मूल्यांचा आधार म्हणून तोच ग्रंथ येणं ही साधी चूक मानता येत नाही. लोकांनी मसुदा वाचला, हरकती पाठवल्या, म्हणून हे उघड झालं. मसुदे वाचत जा.

वगळणं दिसायला आणखी कठीण असतं. एनसीईआरटीने ‘भार कमी करण्या’च्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली, बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांचं प्रकरण काढलं आणि लोकांच्या लढ्यांवरचा दहावीचा धडाही गेला. २०२३ मध्ये राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार राहिलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकांवरून आपली नावं काढायला सांगितली.

आरोपांचं म्हणाल तर एकट्याने बोलू नका. चार-पाच पालक मिळून, लेखी आणि घटनेच्या भाषेत बोला. घटनेची उद्देशिका बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात छापलेली असते, ती समोर ठेवून.

१३. हिंदी सक्तीविरोधी आंदोलनात आम्ही होतो. पण त्यात परप्रांतीयांबद्दल द्वेष ऐकू येत होता. अशा वेळी काय करावं?

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. १७ जूनला शब्द मऊ करून तोच निर्णय पुन्हा आला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. ते मराठी शाळांसाठी काम करणाऱ्या लोकांमुळे, शिक्षणतज्ज्ञांमुळे आणि वेगवेगळ्या पक्षांच्या दबावामुळे. मुख्य मुद्दा शैक्षणिक होता: सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको.

त्याच मंचावरून कुणी बिहारच्या मजुराला शिव्या देत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. तो मजूरही आपलं मूल पालिकेच्याच शाळेत घालतो, आणि मुंबईत अनेक ठिकाणी त्याच मुलांमुळे पट टिकून आहे.

गोव्यातल्या मंडळींना हा पेच जुना आहे. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा मराठी-कोकणीच्या बाजूने भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकरही त्यात होत्या आणि त्याचं नेतृत्व करणारे सुभाष वेलिंगकर तेव्हा संघाचे गोव्यातले प्रमुख होते. मातृभाषेतल्या शाळेच्या मागणीवर पुरोगामी माणूस त्यांच्यासोबत उभा राहू शकतो, आम्ही राहिलो असतो. पण मागणीचा मसुदा आधी लेखी ठरवून घ्यायचा आणि त्यापलीकडचं एक वाक्यही मान्य करायचं नाही.

१४. मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. बोललो तर कारवाई होईल का?

होऊ शकते. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि सरकारी धोरणावर जाहीर टीका त्यात बसत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवरचं रागाचं स्टेटस हा सर्वांत वाईट मार्ग. तुमचं बळ माहितीत आहे. मुख्याध्यापक हा व्यवस्थापन समितीचा सचिव असतो, पालकांसमोर खरे आकडे ठेवणं हे त्याचं कामच आहे. अशैक्षणिक कामांबद्दल शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन संघटनेमार्फत लेखी विचारा: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून दुसरं काम का?

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी शिक्षक-कर्मचारी संपावर गेले, ती मागणी रास्त होती. पण वाडीवरची शाळा बंद होते तेव्हा तितकी माणसं दिसत नाहीत, आणि पालकांच्या ते लक्षात राहतं.

१५. माझं मूल खासगी शाळेत आहे. मग मी यात कसा?

तुम्ही तर रोज या बाजाराची किंमत मोजता. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीशिवाय फी ठरत नाही. त्या समितीची निवड नीट होते का ते पाहा, इतिवृत्ताची प्रत मागा. आणि तुमच्या वॉर्डातल्या पालिका शाळेची एकदा चौकशी करा. खासगी फी आटोक्यात राहण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे शेजारी चांगली मोफत शाळा असणं.

१६. परदेशात कुठे लोक जिंकले आहेत का?

चिलीमध्ये. १९८१ पासून तिथे व्हाउचरची पद्धत होती, पैसा मुलामागे खासगी शाळेत जायचा. २००६ मध्ये शाळकरी मुलं रस्त्यावर आली, २०११ मध्ये विद्यापीठांतले विद्यार्थी. २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा, निवड-परीक्षा आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करावी लागली. शिकागोच्या शिक्षकांनी २०१२ मध्ये संप केला तेव्हा अनेक पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले, कारण संघटना वर्गाचा आकार आणि शाळांची अवस्था यांवरही बोलत होती. तरी पुढच्याच वर्षी तिथे सुमारे ५० शाळा बंद झाल्या. शिक्षक-पालक एकजूट पुरेशी नसते, पण तिच्याशिवाय सुरुवातही होत नाही.

१७. सरकारी शाळेत शिकवतच नाहीत. मग ती वाचवायची कशाला?

जिथे शिकवत नाहीत तिथे ते लपवून शाळा वाचत नाही, असं आमचं मत आहे. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर समितीच्या सभेत ते नावानिशी नको, पण आकड्यानिशी मांडा आणि शाळा विकास आराखड्यात (शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२) त्यावर काय करणार ते लिहून घ्या. शिक्षक दोन आणि वर्ग पाच असतील तर तेही त्याच कागदावर यायला हवं. शाळेकडे मागणारे पालक निघून गेले की शाळा खालावते. इंग्रजीसाठी शाळा बदलणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. इंग्रजी चांगलं शिकवण्याची मागणी गावच्या मराठी शाळेकडेच करा, एवढंच म्हणतो.

१८. पट वाढवून दाखवायला दुसऱ्या गावातल्या मुलांची नावं घातली तर शाळा वाचेल का?

अजिबात करू नका. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत लाखो मुलं कागदावरच असल्याचं उघड झालं आणि त्याचा ठपका प्रामाणिक शाळांनाही वर्षानुवर्षं सोसावा लागला. आता आधार आणि यूडायस (शाळा-विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) जोडलेले असल्याने नाव दोनदा लागलं की पकडलं जातं, आणि गुन्हा मुख्याध्यापकावर येतो.

खरी मुलं बहुतेक वस्तीतच असतात. बीड, अहिल्यानगर, नाशिक, जालना भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलंही जातात. पडताळणी त्या महिन्यांत झाली की पट एकदम घसरलेला दिसतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधी, ऑगस्टमध्येच समितीच्या ठरावासह पाठवा. जी मुलं जातील त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या आणि त्यांची नोंद ‘स्थलांतरित’ म्हणून ठेवा, नाव कमी करू नका. वीटभट्ट्या, रस्त्याची कामं, मेंढपाळांचे वाडे इथेही एकदा फिरून या. वयानुरूप वर्गात थेट प्रवेश देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी आधीचा दाखला लागत नाही.